चिनी छत्री, फ्रेंच लंबक

अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या श्रीमंत घरांत एक नवीच चीज दिसायला लागली. घड्याळाचं यंत्र फ्रेंच, सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ फ्रेंच, पण तबकडीशेजारी मांडी घालून बसलेला गोल पोटाचा चिनी म्हातारा, वर छत्री आणि आजूबाजूला चिनी मातीची फुलं. घडवणारे चीनला गेले नव्हते आणि विकत घेणारेही नाहीत. या शैलीला फ्रान्समध्ये शिनुआझरी म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात ती दुसऱ्यांदा आली, आणि त्या येण्यामागचा इतिहास पहिल्यासारखा निरागस नव्हता. हे दोन्ही काळ एकाच फेरीत, क्रमानं बघायचे असं मी ठरवलं होतं. भाची पॅरिसला नोकरी करते. तिनं रजा काढली आणि संग्रहालयांचे बंद असण्याचे वार बघून आमचं वेळापत्रक लावून दिलं.

बुधवार: लूव्र

लूव्र मंगळवारी बंद असतं आणि बुधवारी रात्री नऊपर्यंत उघडं, म्हणून सुरुवात बुधवारी. मोनालिसाकडे निघालेल्या लोंढ्यातून बाजूला होऊन आम्ही पहिल्या मजल्यावरच्या अठराव्या शतकाच्या दालनांत गेलो. २०१४ मध्ये नव्यानं मांडलेली ही दालनं म्हणजे लाकडी नक्षीच्या भिंती, गालिचे, टेबलं, घड्याळं यांनी सजलेल्या खोल्याच आहेत. गर्दी अगदी विरळ. घड्याळ बघायचं तर ते त्याच्या खोलीतच बघावं, हे इथे पटतं.

मला बघायचा होता गेंडा. ज्याँ-जोसेफ द सँ-जेर्मँ हा पॅरिसचा ब्राँझ ओतणारा कारागीर. जन्म १७१९ चा, १७४८ मध्ये उस्तादपद मिळालं. हत्ती आणि गेंडा यांच्या पाठीवर घड्याळ ठेवायची कल्पना त्यानं इतक्या ताकदीनं वापरली की आज ते प्राणी म्हणजे त्याची ओळखच झाली आहे. काळपट तपकिरी ब्राँझचा प्राणी, पायाखाली सोनेरी खडक आणि वेली, पाठीवर घड्याळाचा गोल डबा आणि त्याच्याही वर एखादी छोटी आकृती, बऱ्याचदा छत्री धरलेली चिनी. या जातीच्या काही घड्याळांच्या चौथऱ्यात वाद्याची यंत्रणाही बसवलेली असते.

या गेंड्याचा आपल्याशी खरा संबंध आहे. बंगालमधल्या डच कंपनीच्या प्रमुखानं गेंड्याचं एक पिल्लू घरात वाढवलं होतं. ते एका डच कप्तानानं विकत घेतलं आणि १७४१ मध्ये रॉटरडॅमला उतरवलं. तिचं नाव क्लारा. पुढे अनेक वर्षं तिला गाडीत घालून युरोपभर हिंडवलं, पैसे घेऊन दाखवलं. १७४९ मध्ये ती पॅरिसच्या सँ-जेर्मँ जत्रेत आली आणि शहर वेडं झालं. चित्रकार उद्रीनं तिचं अंगाच्या मापाचं चित्र काढलं. त्याआधी दोनशे वर्षं युरोपला गेंडा माहीत होता तो जर्मन चित्रकार ड्युररच्या १५१५ च्या ठशातून, अंगावर चिलखत आणि मानेमागे एक जादा शिंग असलेला. तो मूळ गेंडाही भारतातलाच. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना दिलेला आणि गोव्याहून जहाजानं लिस्बनला पाठवलेला. ड्युररनं तो पाहिलाच नव्हता. त्यामुळे फ्रेंच घड्याळांतले काही गेंडे ड्युररच्या वळणाचे आहेत आणि काही क्लाराच्या. बंगालचा प्राणी, चिनी छत्री, पॅरिसचं ब्राँझ: गिऱ्हाइकाच्या लेखी हे सगळं एकाच लांबच्या, सुंदर मुलखातून आलेलं होतं.

मी बराच वेळ एका घड्याळाची तबकडी बघत उभी राहिले. पांढरी मिनाकारी, तासांचे रोमन आकडे निळे, मिनिटांचे अरबी आकडे काळे, काटे कोरून जाळीसारखे केलेले. चावीची दोन भोकं, एक चालण्याच्या स्प्रिंगचं आणि एक टोल्यांचं. भोकांच्या कडेला मिन्याचे बारीक टवके उडालेले. दर आठवड्याला कुणीतरी चावी घालताना हात किंचित चुकला असणार. एवढ्या थाटाच्या वस्तूवर नोकराच्या हाताची ती खूण मला फार मोलाची वाटली.

सोनेरी भागाकडे जवळून बघा. काही जागी तो झगझगीत आहे, काही जागी मुद्दाम मंद ठेवलेला. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लेप ब्राँझवर द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा, अशी ती रीत. उडालेला पारा मुलामा देणाऱ्याच्या छातीत जायचा. हात थरथरणं, दात पडणं, लवकर मरणं हे या धंद्यात ठरलेलं होतं. हे माहीत असताना ती झळाळी नुसती सुंदर म्हणून बघवत नाही.

मग हे सगळं जुळवायचं कोण? ब्राँझ ओतणारे, मुलामा देणारे आणि घड्याळजी यांच्या पॅरिसमधल्या संघटना वेगळ्या, एकानं दुसऱ्याचं काम करायचं नाही. लग्नाचा ठेकेदार मांडव एकाचा, जेवण दुसऱ्याचं, वाजंत्री तिसऱ्याची आणून कार्य उभं करतो, तसे तिथे शोभेच्या वस्तूंचे बडे व्यापारी होते. स्वतः काहीच बनवायचे नाहीत, पण चीनहून आलेली पांढरी मूर्ती, व्हँसेनच्या कारखान्यातली चिनी मातीची फुलं आणि सँ-जेर्मँसारख्याचं ब्राँझ एकत्र आणून घड्याळ उभं करायचे. त्यांतला एक, जेर्सँ. त्याचं दुकान नोत्र-दाम पुलावर होतं आणि नावच ‘पॅगोडा’. माझ्या मते या घड्याळांचे खरे कर्ते हे व्यापारीच. त्यांच्या नजरेशिवाय हे तुकडे कधी एकत्र आलेच नसते.

“मावशी, नऊ वाजत आले,” भाची म्हणाली, तेव्हा पहारेकरी दिवे मालवायच्या बेतात होते.

गुरुवार: शाँतीयी

गार द्यु नॉरहून गाडीनं पंचवीस मिनिटं, मग रानाच्या आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या कडेनं चालत किल्ल्यासारखा राजवाडा. मुख्य इमारत एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे. आमचं काम होतं शेजारच्या जुन्या छोट्या महालातल्या एका खोलीत. तिला माकडांची मोठी खोली म्हणतात. १७३७ च्या सुमारास क्रिस्तोफ ह्युएनं काँदे घराण्याच्या ड्यूकसाठी ती रंगवली.

पांढऱ्या-सोनेरी चौकटींत चिनी पोशाखातली माणसं आणि त्यांच्या तैनातीला माकडं. कुणी अदबीनं वाकलेलं, कुणी शिकारीच्या गडबडीत. आधी हसू येतं. मग प्रत्येक माकडाचा चेहरा वेगळा आहे हे लक्षात येतं आणि आपण एकेका चौकटीपुढे रेंगाळायला लागतो. या खोलीत घड्याळ शोधायला जाऊ नका. पण घड्याळांवर छत्री, माकड आणि चिनी माणूस हे त्रिकूट पुन्हा पुन्हा का दिसतं, ते इथे कळतं. ज्या दिवाणखान्यांसाठी ती घड्याळं घडली, त्यांची हवाच ही होती. कपाट, पडदा, भिंत, चहाचा पेला, सगळीकडे तेच जग, आणि त्याच्या मधोमध टोल देणारं यंत्र.

याच ड्यूकनं शाँतीयीत चिनी मातीचा कारखाना काढला. त्याच्याकडे जपानी भांड्यांचा मोठा संग्रह होता, म्हणून कारखान्याच्या सुरुवातीच्या मालावर जपानी नक्षीची छाप आहे. इथल्या चिनी मातीच्या आकृत्या आणि फुलं घड्याळांवरही चढली. चिनी काय नि जपानी काय, गिऱ्हाइकाला फरक पडत नव्हता.

हा सगळा ठेवा शेवटचा मालक ड्यूक दोमाल यानं अँस्तित्यू द फ्रान्स या विद्वानांच्या संस्थेला देताना अट घातली की काही हलवायचं नाही आणि बाहेर प्रदर्शनाला द्यायचं नाही. त्यामुळे ही माकडं बघायची तर इथेच यावं लागतं. दुपारी पाऊस आला आणि आम्ही परत फिरलो.

शुक्रवार: बेझाँसाँ

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या बाजूला, नदीच्या वळशात वसलेलं हे शहर घड्याळांचं म्हणून ओळखलं जातं. गार द लिऑनहून वेगवान गाडीनं दोन तासांच्या आसपास. स्टेशन गावाबाहेर, तिथून छोटी गाडी. बहुतेक लोक इथे मनगटी घड्याळांसाठी येतात. आम्ही आधी गेलो ललित कला संग्रहालयात. जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीत, आत काँक्रीटचे उतरते मार्ग चढत जाणारं हे संग्रहालय आहे. याचा मूळ संग्रह १६९४ चा, म्हणजे लूव्र संग्रहालय होण्याच्या शंभर वर्षं आधीचा.

इथे अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्राँस्वा बुशे याची दहा तैलरेखाटनं आहेत, सगळी चिनी विषयांवरची. त्यांतली काही त्यानं १७४२ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली होती. बोव्हेच्या कारखान्यात विणायच्या भित्तिपटांसाठी केलेला हा कच्चा आराखडा, पण किती जिवंत! बाजारातली गर्दी, गळ टाकून बसलेला म्हातारा, छत्र्या, पंखे, माडासारखी झाडं, आणि सगळ्यावर तो खास बुशेचा गुलाबी-निळा उजेड. ब्रश इतका झरझर फिरलेला की जवळ गेल्यावर चेहऱ्याच्या जागी दोनच ठिपके दिसतात आणि चार पावलं मागे सरलं की तोच माणूस हसताना दिसतो.

बुशे चीनला गेला नव्हता. डच प्रवासवर्णनांतली छापील चित्रं आणि स्वतः जमवलेल्या पूर्वेकडच्या वस्तू एवढीच त्याची शिदोरी. १७४० मध्ये जेर्सँच्या ‘पॅगोडा’ दुकानाचं छापील कार्ड त्यानंच केलं. म्हणजे परवा ज्या व्यापाऱ्याबद्दल बोलत होतो, त्याच्या दुकानातल्या मूर्ती बघून हा चित्र काढणार, त्या चित्रांचे ठसे छापले जाणार, आणि ते ठसे समोर ठेवून ब्राँझचे आणि चिनी मातीचे कारागीर नवे म्हातारे घडवणार. अशा फेऱ्यांतून तो चीन तयार झाला.

आणि गंमत पुढेच आहे. हे भित्तिपट विणले गेले आणि त्यांचा एक संच १७६० च्या दशकात फ्रान्सच्या राजाकडून थेट छ्येनलुंग बादशहाकडे, पेकिंगला गेला. चीन न पाहिलेल्या माणसानं काढलेला चीन, चीनच्या बादशहाला भेट! बादशहाला तो आवडला असं सांगतात. उन्हाळी राजवाड्याच्या आवारात त्यानं युरोपीय धर्तीचे महाल बांधवून घेतले होते, तिथे हे पट लागले. त्या राजवाड्याचं नाव युआनमिंगयुआन. पुढे ते लागणार आहे.

संध्याकाळी नदीकाठी फिरलो, कोंते चीज आणि बटाटे खाल्ले. भाचीला थंडी वाजत होती, लवकर झोपलो.

शनिवार: काळाचं संग्रहालय

सोळाव्या शतकातल्या ग्रांव्हेल महालात काळाचं संग्रहालय आहे, मनोऱ्यात पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक. तो बघायला वेळ द्या. इथलं सगळ्यांत प्रसिद्ध घड्याळ म्हणजे ‘लरॉय ०१’ हे खिशातलं घड्याळ. १९०४ मध्ये पुरं झालं, आत ९७५ भाग. शोभेच्या चिनी घड्याळांशी त्याचा काही संबंध नाही, तरी त्याच्यापुढून हलवेना.

मला इथे उपयोग झाला तो यंत्रांचा. उघडी, बाजूला काढून ठेवलेली यंत्रं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच घड्याळात लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असतो. दोरा हवेतल्या ओलीनं आकसतो-सैलावतो आणि वेळ चुकते. एकोणिसाव्या शतकात त्याची जागा पोलादी पट्टीनं घेतली. आशिल ब्रोकोच्या रचनेत तर तबकडीवर बाराच्या वर एक लहानसं भोक असतं. त्यात चावीचं बारीक टोक घालून फिरवलं की पट्टीची लांबी कमी-जास्त होते आणि घड्याळ पुढे-मागे करता येतं, लंबकाला हात न लावता. मागचं दार न उघडता एखादं घड्याळ कोणत्या काळातलं याचा पहिला अंदाज घ्यायला हे भोक पुरेसं होतं. अर्थात जुन्या पेटीत नवं यंत्र बसवलेलंही सापडतं.

दुपारच्या गाडीनं परत.

रविवार: फाँतेनब्लो

ही भेट मला टाळता आली असती, तर बरं वाटलं असतं. पण ती टाळून हा विषय पुरा होत नाही.

फाँतेनब्लोच्या राजवाड्यात, तळ्याच्या बाजूच्या तळमजल्यावर, तिसऱ्या नेपोलियनची पत्नी, सम्राज्ञी युजेनीनं १८६३ मध्ये स्वतःचं चिनी संग्रहालय मांडलं. भिंतींवर काळ्या-सोनेरी लाखकामाचे पट, कपाटांत जेड आणि चिनी माती, तारांच्या मिनाकारीची मोठी भांडी. काही चिनी भांड्यांना पॅरिसच्या कारागिरांनी ब्राँझचे जोड देऊन दिव्यांसाठी वापरलंय. खोली फार सुंदर आहे. राजवाड्यातल्या इतर दालनांपेक्षा इथे एक प्रकारचा घरगुतीपणाही आहे, बसायच्या खुर्च्या, खेळायची टेबलं. आणि यातला मोठा भाग लुटीचा आहे.

ऑक्टोबर १८६० मध्ये दुसऱ्या अफूच्या युद्धात इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी युआनमिंगयुआन लुटला, आणि मग इंग्रज लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून तो जाळला गेला. इंग्रजांच्या त्या फौजेत पंजाबच्या पलटणीही होत्या, हेही आपण विसरू नये. तिथे शिरलेल्या सैनिकांना बादशहाच्या दालनांत काय सापडलं? युरोपीय घड्याळं. चावी दिली की गाणारी, नाचणारी, पाणी वाहतंय असं भासवणारी घड्याळं. छ्येनलुंगला त्यांचा छंद होता आणि दरबारातले युरोपीय मिशनरी ती दुरुस्त करत, नवी बनवत. सैनिकांनी ती हातोहात पळवली. बुशेचे भित्तिपटही त्याच आवारात होते.

म्हणजे त्या लुटीच्या शंभर वर्षं आधी फ्रान्सनं कुतूहलानं चीनकडे बघून घड्याळं घडवली, चीनच्या बादशहानं तितक्याच कुतूहलानं युरोपची घड्याळं जमवली, आणि शेवटी फ्रान्सचे शिपाई ती काखोटीला मारून निघाले. भाचीनं विचारलं, “मग हे परत का देत नाहीत?” तो प्रश्न तिथे उभं राहून मलाही पडला होता. मला वाटतं, निदान त्या खोलीच्या दारात तो इतिहास मोठ्या अक्षरांत, आधी लिहायला हवा. २०१५ च्या मार्चमध्ये या संग्रहालयात चोरी झाली आणि काही मिनिटांत पंधराएक वस्तू गेल्या.

ही लूट पॅरिसमध्ये लिलावात आली आणि फ्रेंच कारागिरांना पहिल्यांदाच राजदरबारी दर्जाचं चिनी मिनाकाम हाताळायला मिळालं. बार्बदियेनसारख्या ब्राँझच्या मोठ्या कारखान्यांनी ते तंत्र आपलंसं केलं. त्यानंतरची चिनी धर्तीची फ्रेंच घड्याळं कारागिरीत चोख आहेत. नक्षी जास्त अचूक, रंग चिनी मिन्याच्या जवळचे. मला मात्र सँ-जेर्मँचा गेंडाच जवळचा वाटतो. त्याच्या कर्त्याला चीन ठाऊक नव्हता, पण त्याच्या घड्याळासाठी कुणाचं घर जळलं नव्हतं.

सोमवार: सँ-उआँचा जुना बाजार

शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी काही दुकानं बंद, पण उघडी असतात त्यांना बोलायला सवड असते. बिरोन गल्लीत एका दुकानाच्या काचेत हवा तो संच दिसला. मध्ये पॅगोडाच्या छपराचं घड्याळ, दोन्ही बाजूंना जोडीच्या फुलदाण्या. शेगडीच्या वरच्या फळीवर मांडायचा हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा ठरलेला थाट. निळ्या-हिरव्या मिन्यात कमळं, कोपऱ्यांना हत्तीची तोंडं.

आधी “बाँजूर मस्य” म्हणायचं, मगच वस्तूकडे बघायचं, हे भाचीनं शिकवलं होतं. दुकानदार साठीचा, बोटं घड्याळजीची. मला रस आहे म्हटल्यावर त्यानं घड्याळ वळवून मागचं दार उघडलं. गोल पितळी यंत्र, त्यावर जापी कारखान्याचा प्रदर्शनातल्या पदकांचा शिक्का, शेजारी घंटा. मिन्याच्या रेघेवरून त्यानं माझं बोट फिरवलं. चिनी पद्धतीत पातळ तार चिकटवून कप्पे करतात, रेघ बारीक आणि हाताची लय असलेली येते. इथे कप्पे ब्राँझ ओततानाच खोलगट केलेले, म्हणून रेघ जाड आणि सारखी. बोटाला तो फरक सहज कळतो.

तबकडीवर आकड्यांच्या जागी बारा चिनी अक्षरं होती. भाचीनं फोननं ती वाचायचा प्रयत्न केला, एकही ओळखता आलं नाही. दुकानदार म्हणाला, असं बऱ्याच वेळा होतं, चित्रकारानं नुसतं वळण उचललेलं असतं. इतकं सगळं पॅरिसला येऊन पोचल्यावरही!

त्यानं लंबकाला झोका दिला. टिक आणि टाक यांच्यामधलं अंतर सारखं नव्हतं. “लंगडतंय,” मी मराठीतच म्हणाले आणि हातानं दाखवलं. त्यानं मान डोलावली, आत बोट घालून लंबकाला ढकलणारा पितळी दांडा केसभर वाकवला. दोनदा. ताल जमला.

तेवढ्यात एक वयस्क जोडपं आलं. संच त्यांनी आदल्या आठवड्यात ठरवून ठेवला होता, लिऑनला न्यायचा होता. दुकानदारानं लंबक काढून वेगळा गुंडाळला. लंबक लावून घड्याळ हलवलं तर वरची पोलादी पट्टी मुरगळते, हे त्यानं त्यांना दोन वेळा सांगितलं. मी भाचीमार्फत आणखी एक गोष्ट सांगितली. या यंत्रातलं टोल्यांचं चक्र खाचांचं आहे. काटे नुसते पुढे सरकवत नेले तर तीन वाजता आठ टोले पडतील, म्हणून प्रत्येक अर्ध्या तासाला थांबून टोला पूर्ण होऊ द्यायचा आणि काटे मागे कधी फिरवायचे नाहीत. आजींनी पर्समधून कागद काढून ते लिहून घेतलं आणि मग फुलदाण्या कोण धरणार यावर त्यांचं बोलणं सुरू झालं.